एका पायाची गोष्ट

कॅमेरा स्थिर ठेवायचा म्हणजे तीन पाय हवेत, असं आपण धरूनच चालतो. लग्नाच्या हॉलमध्ये, मंडळाच्या गणपतीत, पोरांच्या स्नेहसंमेलनात कोपऱ्यात एक ट्रायपॉड उभा असतो, आणि त्याच्या पसरलेल्या पायांत अडखळून एखाद्या काकू ‘अगं बाई!’ म्हणतात. त्याचा एकपायी भाऊ म्हणजे मोनोपॉड. तो मात्र आपल्या लोकांत फारसा दिसत नाही. मी काढला की हमखास प्रश्न येतो, ‘अहो, हे एका पायावर उभं कसं राहणार?’ प्रश्न रास्त आहे. ते एका पायावर उभं राहतच नाही. उरलेले दोन पाय आपले असतात.

मंडळी, गेली चाळीस वर्षं मी हौसेने फोटो काढतोय, आणि गेली चार वर्षं ही काठी माझ्या गाडीच्या डिकीत कायमची मुक्कामाला आहे. तिची गरज का पडली ते पुढे सांगतो. पण ती घेतल्यावर तिच्याबद्दल वाचत गेलो आणि फोटोग्राफीचा इतिहास मला जरा वेगळाच दिसायला लागला. आपण लेन्स, फिल्म, डिजिटल अशा पायऱ्या मोजतो. पण पहिल्यापासून खरी कटकट एकच होती: हलायचं कुणी आणि हलायचं नाही कुणी?

लुई दागेर याने १८३८ साली पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचा, बुलवार द्यू ताँप्लचा, फोटो घेतला. फोटोत रस्ता जवळजवळ निर्मनुष्य आहे. घोडागाड्या होत्या, माणसं होती, पण प्लेटवर प्रकाश पडायला काही मिनिटं लागत आणि तेवढ्या वेळात चालणारे सगळे पुसले गेले. राहिला फक्त बूट पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, आणि त्याच्यापुढचा पॉलिशवाला, तोही अंधूक. फोटोत आलेली ही पहिली माणसं असं मानतात. त्या गृहस्थाचा एक पाय पेटीवर आणि एक जमिनीवर आहे, म्हणजे तोही एका पायावरच उभा! (हा योगायोग. त्यातून मी काही सिद्ध करत नाहीये.)

पुढच्याच वर्षी, १८३९च्या ऑगस्टमध्ये, ही पद्धत जगाला खुली झाली. लोक स्वतःचे फोटो काढून घ्यायला धावले आणि स्टुडिओवाल्यांनी लोखंडी चिमटे आणले. गिऱ्हाइकाच्या मागे एक जड स्टँड, त्याला वर दोन बोटांसारखा आकडा, आणि त्यात त्याचं डोकं मागून अडकवायचं. जुन्या फोटोंतले आजोबा-पणजोबा इतके गंभीर का दिसतात, याची बरीच कारणं सांगतात. मानेमागचा हा चिमटा त्यांतलं एक असणार, असं मला आपलं वाटतं. थोडक्यात, त्या काळात कॅमेऱ्याला तर तीन पाय होतेच, शिवाय माणसालाही टेकू लागत होता.

आपल्या मुंबईत हे सगळं फार लवकर पोचलं. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या नामांकित छायाचित्रकारांपैकी एक. तेव्हा ओल्या प्लेटचा जमाना सुरू झाला होता. काचेवर कोलोडियन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायचा. मुंबईच्या उन्हात हे करायचं म्हणजे तंबू, रसायनं, काचा, पेटीएवढा कॅमेरा आणि त्याची तिवई, एवढा लवाजमा आला. हातात धरून फोटो काढायची कल्पनासुद्धा कुणाला सुचली नसेल.

सिनेमावाल्यांचंही तेच. १८९९ साली सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. पैलवान हवे तेवढे हलू देत, कॅमेऱ्याने हलून चालणार नव्हतं, कारण त्याला हाताने हँडल मारावं लागे आणि हँडल मारणाऱ्याचा धक्काच आधी बसे. दादासाहेब फाळक्यांनी तर ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतला वाटाणा कसा उगवतो ते रोज थोडं थोडं टिपून दाखवलं होतं. दिवसचे दिवस कॅमेरा एकाच जागी, रोपटं हळूहळू वर. ते पाहून त्यांना भांडवल मिळालं. ते काम तीन पायांचंच. मोनोपॉड घेऊन वाटाण्यासमोर उभं राहिलं तर आधी आपल्यालाच मोड येतील.

मग १८७१नंतर कोरड्या प्लेटा आल्या, त्यांना प्रकाश कमी पुरू लागला, आणि १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक आला. कॅमेरा हातात आला. १९२५ साली लायका बाजारात आला तेव्हा तर तो कोटाच्या खिशात मावायला लागला. आता टेकूची गरज संपली असं वाटावं. पण माणसाचा स्वभाव असा, की जवळचं जमलं की त्याला लांबचं हवं असतं.

हे सगळ्यात चांगलं दिसतं ते क्रिकेटमध्ये, आणि इंग्लंडात राहून क्रिकेटबद्दल लिहिलं नाही तर आमच्या घरी जेवण मिळणार नाही. जॉर्ज बेल्डम याने १९०५च्या सुमारास काढलेला व्हिक्टर ट्रंपरचा फोटो तुम्ही पाहिला असेल: पुढे झेप घेतलेली, बॅट मागे उगारलेली. तो सामना चालू असतानाचा नाही. बेल्डम मैदानातच, फलंदाजापासून थोड्या अंतरावर कॅमेरा घेऊन उभा होता. खऱ्या सामन्यात तिथे कोण उभं राहू देणार? सीमारेषेबाहेरून फलंदाज टिपायचा तर लेन्स लांबलचक हवी. तशा कॅमेऱ्यांना ‘लाँग टॉम’ म्हणत. लांब नळीच्या तोफेचं हे टोपणनाव, आणि आकारही साधारण त्याच घराण्यातला. १९२८ साली सिडनीत हर्बर्ट फिशविकने वॉली हॅमंडचा कव्हर ड्राइव्ह टिपला, तो असाच लांबून. पण ही धुडं एकदा मांडली की मांडली. फलंदाजाकडे रोखलेली तोफ क्षेत्ररक्षकाकडे वळवेपर्यंत झेल घेऊन टाळ्याही वाजून झालेल्या असत.

१९३६च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्साइसने ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्याला १८० मिमीची मोठ्या तोंडाची लेन्स केली. इथून एक नवीन प्राणी जन्माला आला: कॅमेरा लहान, लेन्स जड. इंग्लंडातल्या कसोटी मैदानांवर फोटो काढायचा हक्क बराच काळ ठरावीक एजन्सींकडे होता. १९७२च्या सुमारास ती मक्तेदारी सुटली आणि पॅट्रिक इगरसारखे स्वतंत्र छायाचित्रकार आत आले. मी इथे आलो तेव्हा त्यांचे फोटो मासिकांत बघून वेडा झालो होतो. सीमारेषेवर गर्दी वाढली, लेन्सा वाढल्या. शेजाऱ्याच्या पायात पाय न अडकवता बसायचं, चेंडूबरोबर झटकन वळायचं आणि खेळाडू अंगावर आला तर सगळं उचलून पळायचं, हे तीन पायांनी जमत नाही. म्हणून एक पाय आला. बऱ्याच खेळांत आज मैदानाच्या कडेला ट्रायपॉडला मनाईच असते.

काठीला टेकणं ही काही कुणा कंपनीची अक्कल नव्हे. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातले शिपाई जड बंदूक दुबेळक्याच्या काठीवर टेकवून नेम धरत. आपला माणदेशातला धनगर काठीवर हनुवटी टेकवून तासन् तास मेंढरं राखतो. सज्जनगडावर समर्थांची कुबडी आहे, तीही बसलेल्या माणसाने हात टेकायचीच. तिघांचं तत्त्व एकच: जे वजन स्नायूंनी पेलायचं ते जमिनीला द्यायचं, आणि मान किंवा हात फिरायला मोकळा ठेवायचा.

इथे माझा मुद्दा येतो. पुस्तकांत लिहिलेलं असतं की मोनोपॉड हा ‘थरथर कमी करण्यासाठी’ असतो. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे. १९९५ साली कॅननने लेन्समध्येच थरथर मोजून भिंग उलट सरकवणारी यंत्रणा आणली, पुढे सगळ्यांनीच आणली, आणि आता तर कॅमेऱ्याच्या आतला सेन्सरसुद्धा स्वतः सरकतो. मोनोपॉड फक्त थरथरीसाठी असता तर तेव्हाच अडगळीत गेला असता. तो गेला नाही, कारण यंत्रणा हात स्थिर करते, पण लेन्सचं ओझं काही उचलत नाही. कॅननचीच ४०० मिमी, २.८ची लेन्स बघा. १९९९ साली ती सव्वापाच किलोच्या वर होती, २०१८ साली तीन किलोच्या आत आली. लेन्स जवळपास निम्मी झाली, तरी दिवसभर ती डोळ्याला लावून बसायची तर खांदा त्याचा हिशोब संध्याकाळी मागतोच.

आणि माझा हिशोब वेगळा आहे. पासष्टीनंतर माझे हात कापायला लागले. डॉक्टर म्हणाले ‘इसेन्शियल ट्रेमर’. त्यात ‘आवश्यक’ काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही. हात मांडीवर असला की शांत, आणि काही धरून उचलला की सुरू. चहाचा कप, पूजेची पळी आणि कॅमेरा. थकलो की जास्त. आमच्या हिने कप अर्धा भरून द्यायला सुरुवात केली, तो प्रश्न तिथे मिटला. कॅमेरा अर्धा कसा भरणार? विकायचा विचार केलाही होता. पण ही कंपनं वजन उचलून धरल्यामुळे वाढतात, तर वजनच काढून घेतलं तर? काठीवर कॅमेरा बसवला, हात फक्त वरून ठेवला, आणि फरक पहिल्याच दिवशी स्क्रीनवर दिसला. हात पूर्ण थांबला असं मुळीच नाही. पण नातवाच्या सामन्यातले फोटो पुन्हा ओळखू येण्यासारखे यायला लागले, आणि कॅमेरा घरातच राहिला. आपल्या मंडळातही असे थरथरते हात पुष्कळ आहेत. बरेच जण ‘आता बास झालं’ म्हणून कॅमेरा मुलाकडे देऊन मोकळे होतात. त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

घ्यायचा कसा? उंची आधी बघा. सरळ उभं राहून डोळ्याशी कॅमेरा आला पाहिजे. वाकून उभं राहावं लागलं तर पाठ बोलायला लागते. चार-पाच तुकड्यांचा पिशवीत मावतो, पण शेवटचा तुकडा बोटाएवढा बारीक असतो आणि वाकतो. मला तीन तुकड्यांचा बरा वाटतो. तुकडे घट्ट करायला दोन प्रकार असतात, पिळायचे आणि खटक्याचे. हात कापत असतील तर खटकाच घ्या. कार्बनचा हलका आणि महाग, ॲल्युमिनियमचा जड आणि थंडीत हाताला चटके देणारा. वर गोल फिरणारं बॉलहेड लावू नका, कॅमेरा मान टाकतो. पुढे-मागे झुकणारं साधं हेड पुरतं. मोठ्या लेन्सला कॉलर असते, काठी कॅमेऱ्याला न लावता त्या कॉलरला लावायची, म्हणजे वजन मधोमध येतं आणि आडवा-उभा फोटो नुसतं वळवून घेता येतो.

वापरताना काठी पोटासमोर सरळ उभी धरायची नाही. तिचं टोक हातभर पुढे ठेवायचं, आपले पाय खांद्याएवढे फाकवायचे आणि किंचित पुढे रेलायचं. झाली तिवई. डावा हात लेन्सवर वरून दाबून, कोपर अंगाला, आणि श्वास सोडताना बटण. हाताने धरून ३०० मिमीच्या लेन्सने साधारण १/३०० सेकंद लागतं असा जुना ठोकताळा आहे. काठीवर सराव झाला की १/८०पर्यंत उतरता येतं. स्थिरीकरणाची यंत्रणा ट्रायपॉडवर पुष्कळदा बंद करतात, इथे चालूच ठेवा. बसून काढायचा असेल तर काठी आखूड करून टोक खुर्चीच्या कडेला टेकवा. सभागृहातल्या नाटकाला मी असंच करतो आणि मागच्या रांगेतून अजून तक्रार आलेली नाही.

भारतात जाताना मात्र लक्षात ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, आणि दारावरच्या माणसाला एक पाय आणि तीन पाय यांतला फरक समजावत बसण्यात सकाळ जाते. तिकीट काढतानाच विचारून घ्या. अजिंठ्याला फ्लॅश चालत नाही, आत अंधार. काठी आत नेऊ दिली नाही तर पाठ दाराच्या चौकटीला टेका, तेही निम्मं काम करतं.

आणि दुकानात जाताना आपला कॅमेरा आणि आपली सगळ्यात जड लेन्स घेऊन जा. स्क्रूची काळजी नको, कॅमेऱ्याखालचं ते पाव इंची भोक सगळ्या कंपन्यांचं एकच असतं, मीटरने मोजणाऱ्या जपानी कंपन्यांचंसुद्धा. काठी लावून दुकानातच पाच मिनिटं उभे राहा. विक्रेता कंटाळला तर कंटाळू दे.