पायरीची उंची कोणी ठरवली?

मधल्या सुट्टीची घंटा होते आणि मुले शाळेच्या जिन्यावरून धडाधडा खाली धावतात. पायाखाली पाहण्याची गरज कुणालाच वाटत नाही, कारण सगळ्या पायऱ्या सारख्या असतात. एखादी जरी दोन सेंटिमीटरने उंच झाली, तरी तिथे हमखास कुणीतरी अडखळते. ही उंची ठरवली कोणी? गवंड्याने नकाशात पाहिली, नकाशा काढणाऱ्याने एका जाडजूड संदर्भग्रंथात पाहिली. आणि ग्रंथात ती आली कुठून? हा माग काढत गेलो, की आधुनिक वास्तुरचनेचा बराचसा इतिहास हाती लागतो.

खांबांची पुस्तके

१५६२ साली इटलीत विन्योला याने पाच प्रकारच्या खांबांवर एक पुस्तक काढले. खांबाची निम्मी जाडी हे त्याचे एकक. उंची, बैठक, माथा अशी सारी मापे या एककाच्या पटीत दिलेली. पुढची काही शतके युरोपातल्या वास्तुशिल्पींचे संदर्भग्रंथ मुख्यतः याच वळणाचे होते. इमारत दिसावी कशी, हे ते सांगत. स्वयंपाकघरात दोन माणसांना धक्का न लागता वावरायला किती जागा लागते, हा प्रश्न त्यांच्यापुढे सहसा नसे.

जिना मात्र जुना अपवाद. १६७५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लाँडेल याने जिन्याचा नियम मांडला, तो माणसाच्या पावलावरून. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि पायरीची रुंदी यांची बेरीज एका पावलाइतकी, म्हणजे २४ फ्रेंच इंच (सुमारे ६५ सेंटिमीटर) असावी. पायरी उंच केली तर रुंदी कमी करायची, कारण चढताना पाऊल आखूड पडते.

प्रश्न बदलला

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील शहरांत घरांचा मोठा तुटवडा पडला. कामगारांसाठी हजारो घरे कमी खर्चात बांधायची होती. फ्रँकफुर्टच्या अशा घरांसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी १९२६ साली एक स्वयंपाकघर आखले. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. बाईची पावले मोजून ओटा, चूल, फडताळ यांच्या जागा ठरवलेल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसवली गेली. एकच आराखडा दहा हजार वेळा वापरायचा म्हटल्यावर दहा सेंटिमीटरचाही हिशेब लागतो. ‘कसे दिसावे?’ या प्रश्नाची जागा ‘किती लागते?’ या प्रश्नाने घेतली.

उत्तरे देणारी पुस्तकेही लगेच आली. १९३२ साली अमेरिकेत रॅम्सी आणि स्लीपर यांचा ग्रंथ निघाला. त्यात मजकूर थोडा, आकृत्याच फार. १९३६ साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट नॉयफर्टचे पुस्तक आले. नॉयफर्ट हा बाऊहाऊस या प्रसिद्ध कलाशाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. पुढे तो शिकवू लागला, आणि विद्यार्थी पुन्हापुन्हा तीच मापे विचारतात हे त्याच्या ध्यानात आले. त्याने सारे काही मोजून ठेवले. बसलेला, वाकलेला, हात वर केलेला माणूस; खुर्ची, बिछाना, कोंबड्यांचे खुराडेसुद्धा! पहिली आवृत्ती काही आठवड्यांत संपली. आजही ते अनेक भाषांत छापले जाते. चांगल्या जिन्यासाठी त्याचे माप १७ सेंटिमीटर उंची आणि २९ सेंटिमीटर रुंदी. दोनदा १७ अधिक २९ म्हणजे ६३. ब्लाँडेलचे पाऊल इथेही आहेच.

माणूस, पण कोणता?

नॉयफर्टच्या आकृत्यांतला माणूस १ मीटर ७५ सेंटिमीटर उंचीचा, धडधाकट पुरुष. फ्रान्समध्ये ल कॉर्ब्युझिए यानेही मानवी देहावरून ‘मॉड्युलर’ नावाची मापपट्टी बनवली. तिचा माणूस आधी १.७५ मीटर उंच होता, नंतर तो १.८३ मीटर म्हणजे सहा फूट झाला. कारण काय, तर इंग्रजी डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांतले देखणे पुरुष नेहमी सहा फुटी असतात, असे खुद्द कॉर्ब्युझिएनेच लिहिले आहे. हीच पट्टी त्याने १९५१ नंतर चंदीगडच्या इमारतींसाठी वापरली. भारतीय पुरुषाची सरासरी उंची सुमारे १ मीटर ६५ सेंटिमीटर. स्त्रीची त्याहून कमी.

मोजमाप करणे चुकीचे नव्हते. त्यामुळेच साध्या माणसाच्या घराचा हिशेब झाला. पण छापील आकडा एकदा ‘प्रमाण’ ठरला, की त्यामागचा देह विसरला जातो. मापात न बसणारा माणूसच मग चुकीचा ठरतो. याच नॉयफर्टला १९३८ साली नाझी राजवटीचा वास्तुशिल्पी आल्बर्ट श्पेअर याने बर्लिनच्या घरबांधणीच्या प्रमाणीकरणाचे काम दिले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पुढे ग्रंथही बदलत गेले. नव्या आवृत्त्यांत चाकांच्या खुर्चीला लागणारी जागा आली. आपल्याकडे १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता निघाली. १९९७ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देवकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीवर बसणाऱ्या माणसाची मापेही त्यात आहेत.

वर्गात करून पाहा

शाळेच्या जिन्याची उंची व रुंदी मोजायला सांगा. दुप्पट उंची अधिक रुंदी किती येते? मग पाचवीतल्या मुलांच्या सहज चालण्यातले एक पाऊल मोजा. दोन आकडे जुळतात का? नंतर बाकाची उंची आणि मुलांच्या गुडघ्यामागील खोबणीची जमिनीपासूनची उंची मोजून तक्ता करा.

किती मुलांचे पाय अधांतरी लोंबतात ते तक्त्यात दिसेलच. तासभर चुळबुळ करणाऱ्या मुलाला ‘नीट बस’ म्हणून दटावण्याआधी आपण तो तक्ता एकदा पाहावा. चुकले असेल ते कदाचित बाकाचे माप असेल.