कार्ब्युरेटरची पुनर्बांधणी (टू-स्ट्रोक)

कार्ब्युरेटरची पुनर्बांधणी : जुन्या टू-स्ट्रोक बोट मोटरीचा, फवारणी पंपाचा किंवा मोटरसायकलचा कार्ब्युरेटर पूर्ण सुटा करून धुणे, झिजलेले भाग बदलणे आणि मापात बसवून पुन्हा चालता करणे. गॅरेजात या कामाला ‘कार्बेटर खोलणे’ किंवा ‘किट टाकणे’ म्हणतात. बाहेरून फवारा मारून पुसून देणे ही नुसती सफाई झाली. पुनर्बांधणीत प्रत्येक जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी), प्रत्येक पॅकिंग आणि प्रत्येक बारीक वाट डोळ्यांखालून जावी लागते.

हे काम समुद्रकाठापुरते नाही. वरूड हा अमरावती जिल्ह्यातला संत्र्याचा तालुका. समुद्र इथून फार लांब, पण वर्धा नदी शेजारून वाहते आणि मोर्शी तालुक्यात सिंभोरा इथे अप्पर वर्धा धरणाचा जलाशय पसरलेला आहे. पूर आला की रबरी बोटी नदीत उतरतात आणि त्यांच्या मागच्या फळीला आउटबोर्ड मोटर टांगलेली असते. बचाव पथकांच्या बोलीत तिचे नाव ‘ओबीएम’. १४ सप्टेंबर २०२१ रोजी तालुक्यातल्या झुंज इथे वर्धा नदीत होडी उलटून ११ जणांचा जीव गेला. अशा वेळी शोधाला निघालेल्या बोटीची मोटर पहिल्या दोन-तीन ओढींत सुरू झाली पाहिजे. या मोटरीची धाकटी बहीण मात्र वरूडच्या बागांमध्ये वर्षभर दिसते : पाठीवर घ्यायचा पेट्रोलचा फवारणी पंप. त्याचे इंजिनही बहुधा टू-स्ट्रोकच, आणि दोघींचे दुखणेही एकच. चार दिवस काम करायचे आणि टाकीत पेट्रोल तसेच ठेवून महिनोन्महिने पडून राहायचे. आंबिया बहाराच्या नवतीवर सायला ही कीड दिसली की पंप बाहेर निघतो, दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो आणि मग कार्ब्युरेटरची आठवण होते.

चार-स्ट्रोक इंजिनात तेल खालच्या टाकीत वेगळे असते. साध्या टू-स्ट्रोकमध्ये तशी टाकी नसते. पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. ते मिश्रण कार्ब्युरेटरमधून आधी क्रँककेसमध्ये जाते, तिथली बेअरिंगे आणि पिस्टन ओले करते आणि मग वर जाऊन जळते. म्हणजे या इंजिनाला वंगणही कार्ब्युरेटरच पुरवतो. तेलाचा वेगळा पंप असलेल्या मोटरी आणि दुचाकी एवढाच याला अपवाद. चार-स्ट्रोकचा जेट तुंबला तर गाडी झटके देत बंद पडते. टू-स्ट्रोकचा जेट अर्धवट तुंबला तर इंजिन चालत राहते, पण तहानलेले आणि कोरडे. त्यातूनच पिस्टन सिलिंडरमध्ये पकडतो. या दुरुस्तीकडे ‘पिकअप वाढवायचे काम’ म्हणून पाहणे चूक आहे. ती इंजिनाच्या जिवाची काळजी आहे.

साधा हिशेबच पाहावा. मुख्य जेटचे भोक ०.९ मिलिमीटरचे आहे आणि चिकट थर बसून ते ०.८ झाले, असे धरू. डोळ्याला हा फरक कळणार नाही. पण भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, म्हणून वाट सुमारे २१ टक्क्यांनी आकसते. पेट्रोल तेवढे कमी आणि तेलही तेवढेच कमी. उलट पोलादी तारेने खरडून तेच भोक ०.९५ झाले तर वाट ११ टक्क्यांनी वाढते. मग धूर होतो, प्लग काळा पडतो, पेट्रोल जास्त लागते. जेटमध्ये ब्रेकच्या केबलची तार घालण्याची सवय म्हणूनच वाईट. विजेच्या वायरीतला मऊ तांब्याचा एखादा तंतू, सफाईच्या द्रावणात भिजवणे आणि हवेचा झोत एवढ्यावर काम भागते.

आउटबोर्ड मोटर बाजारात रुळवण्याचे श्रेय नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांना जाते. तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणताना वल्ही मारता मारता ते वितळून गेले आणि त्यातून मोटरीची कल्पना सुचली, असे सांगतात. १९०९मध्ये त्यांची दीड अश्वशक्तीची मोटर विक्रीला आली. त्यांच्या नावाच्या मोटरींचे उत्पादन २०२०मध्ये थांबले, पण जुन्या मोटरी अजून पाण्यावर आहेत आणि त्यांना किट लागतातच. भारताच्या किनाऱ्यावर रॉकेलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोक ओबीएम मच्छीमारांनी वर्षानुवर्षे वापरल्या. त्या पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्या की रॉकेलवर घेतात.

दुखणे ओळखायच्या खुणा पक्क्या आहेत. थंड मोटर चोकवर सुरू होते, चोक काढला की बंद पडते. धावताना रेस घेत नाही, पण चोक किंचित ओढला की उचलते : याचा अर्थ पेट्रोल कमी पडते आहे, जेट पाहावा. सर्वांत फसवी खूण वेगळीच. बंद पडायच्या आधी मोटर अचानक जोरात पळू लागते. चालवणाऱ्याला वाटते, बरी झाली. खरे तर मिश्रण पातळ झालेले असते आणि तेल आटत आलेले असते. त्या क्षणी थ्रॉटल सोडून मोटर बंद करावी.

उघडायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद करतात आणि खाली पांढरे कापड अंथरतात, कारण पिनेएवढा स्क्रू मातीत पडला की गेलाच. फ्लोटची वाटी सोडवली की सहा महिन्यांचा इतिहास समोर येतो. विदर्भाच्या उन्हात पेट्रोलचे हलके घटक उडून जातात आणि मागे मधासारखा पिवळा, चिकट थर राहतो. तळाला पाण्याचा थेंब आणि त्याभोवती पांढरी-हिरवट भुकटी. वास पेट्रोलचा नसतो, शिळ्या वार्निशचा असतो. मुख्य जेट उजेडाकडे धरला की भोक गोल न दिसता चंद्रकोरीसारखे दिसते.

मंद गतीचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने पूर्ण आत बसवून किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवतात. अनेक मोटरींत तो साधारण दीड फेऱ्याच्या आसपास असतो, पण आपल्या मोटरीचा आकडा आपणच लिहावा. जोर लावून आवळला तर त्याच्या सुईसारख्या टोकावर कडे उमटते आणि मग तो स्क्रू कधीच नीट बसत नाही.

फ्लोट आणि त्याची सुई हा दुसरा नाजूक भाग. वाटीतल्या पेट्रोलची पातळी फ्लोट ठरवतो. कार्ब्युरेटर उलटा धरल्यावर बहुतेक बोट मोटरींत फ्लोट कडेशी समांतर राहायला हवा. मग पेट्रोलच्या नळीतून तोंडाने हलकी फुंकर मारतात. उलट्या स्थितीत हवा अडली आणि सरळ केल्यावर सुटली, तर सुई आणि तिची बैठक ठीक. या तपासाला कोणतेही यंत्र लागत नाही.

फार जुन्या मोटरींचे फ्लोट बुचाचे (कॉर्कचे) असत आणि त्यांवर लाखेचे लुकण असे. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण मद्यार्कात विरघळते. आता भारतातल्या पेट्रोलमध्ये मद्यार्क आहेच : इथेनॉलचे प्रमाण २०२५पर्यंत २० टक्क्यांवर गेले. जुन्या फ्लोटचे लुकण त्यात सुटते, बूच पेट्रोल पिऊन जड होते आणि वाटी ओसंडते. इथेनॉल हवेतली ओल ओढते, पाणी जास्त झाले की ते पाण्यासह तळाला वेगळे होते. जुन्या रबरी नळ्या आणि पडदे (डायफ्रॅम) फुगतात किंवा कडक होतात. म्हणून जुन्या यंत्राच्या किटमध्ये इथेनॉल सोसणारे रबर आणि प्लास्टिकचा फ्लोट आहे ना, हे विचारून घ्यावे. फक्त जेट साफ करून जुनेच पॅकिंग परत लावणे ही खोटी काटकसर.

मोठ्या आउटबोर्ड मोटरींना दोन, तीन किंवा अधिक कार्ब्युरेटर असतात आणि खरा धोका तिथे असतो. तीनपैकी एकच कार्ब्युरेटर तुंबला तर बाकीचे दोन सिलिंडर बोट ओढत राहतात. आवाज थोडा बदलतो, वेग थोडा घटतो, आणि तिसरा पिस्टन निमूट जळतो. म्हणून एक बिघडला तरी सगळे एकदम खोलतात आणि शेवटी सर्वांची थ्रॉटल-झडप एकाच क्षणी उघडते का, ते जुळवतात. हा अनुभव इथल्या मोटरसायकल मेकॅनिकांनाही आहे. १९८०च्या दशकात आलेल्या राजदूत ३५०ला दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर होते. दोन्ही स्लाईड बरोबरीने उचलल्या नाहीत तर ती गाडी कधी गोड चालली नाही.

तेलाचे प्रमाण यंत्राच्या पाटीवरून किंवा पुस्तिकेवरून घ्यावे. जुन्या अनेक बोट मोटरींना २४:१ लागे, म्हणजे लिटरमागे सुमारे ४२ मिलिलिटर. नंतरच्या बहुतेकांना ५०:१, म्हणजे २० मिलिलिटर. अंदाजाने बुचाने तेल ओतणाऱ्याने कार्ब्युरेटर कितीही चोख बांधला तरी पिस्टन वाचत नाही. इंजेक्टर असलेल्या नव्या दुचाकींवर शिकलेल्या मुलांच्या हाताखालून कार्ब्युरेटरचे काम आता क्वचित जाते. २०२०च्या बीएस-६ नियमांनंतर दुचाकींतला कार्ब्युरेटर जवळपास संपला.

बांधून झालेली बोट मोटर कोरडी चालवत नाहीत, कारण तिचे थंडावण्याचे पाणी खालून येते. वरूडच्या बागेत त्यासाठी २०० लिटरचा ड्रम असतोच, फवारणीचे द्रावण कालवण्याचा. औषधाचा अंश राहू नये म्हणून तो आधी नीट धुऊन घ्यावा लागतो. मोटर ड्रमच्या कडेला किंवा भक्कम घोडीला आवळतात, पंखा पूर्ण बुडवतात, दहा मिनिटे चालवतात आणि प्लग काढून पाहतात. टोक चहाच्या रंगाचे हवे. पांढरे असेल तर पेट्रोल कमी, काळे ओले असेल तर जास्त. मग नळी काढून, वाटीतले पेट्रोल संपून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत मंद गतीवर चालवतात आणि वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून उरलेले चार थेंबही गाळून घेतात.