आठ दारांचा व्यूह

चक्रव्यूहात शिरायची विद्या अभिमन्यूकडे होती, बाहेर पडायची नव्हती. चिनी कथेतला सेनापती लू सुन त्याच्यापेक्षा नशीबवान. 'तीन राज्यांची कथा' या जुन्या कादंबरीत झूग लियांग दगडांचे ढीग रचून आठ दारांचा व्यूह उभारतो. लू सुन मृत्यूच्या दाराने आत शिरतो आणि वाट हरवतो. खुद्द झूगचे सासरेच त्याला जीवनाच्या दाराने बाहेर काढतात.

या आठ दारांमागे आहे बागुआ ही चिनी चिन्हमाला. एका चिन्हात तीन रेघा, प्रत्येक अखंड किंवा तुटक. म्हणून चिन्हे आठ. आकाश, पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, मेघगर्जना, पर्वत, सरोवर. फेंगशुईत हीच चिन्हे दिशांना जोडतात. आपल्याला अष्टदिक्पाल आठवावेत, अशीच ही मांडणी.

जपानच्या कोएई कंपनीने 1985 मध्ये या कादंबरीवर व्हिडिओ गेम काढला. पुढे कंपनीच्याच 'डायनॅस्टी वॉरियर्स' मालिकेत तो दगडी व्यूह थेट खेळाडूच्या वाटेत आला.

खेळाच्या पटावर असा अर्थ मांडायची रीत महाराष्ट्रातही जुनीच. परंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते त्या मोक्षपटात शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण.

2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम आणला. भाऊ गोलूला शोधणाऱ्या राजीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात. वाटेत मंडलाच्या चकत्या फिरवून चित्र जुळवले, की तिच्या आठवणी उलगडतात. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'च्या सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनांत 'राजी'चे नाव होते.