जुन्या मोटारीचे दफ्तर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम मोडी कागदांचे रुमाल येतात, आणि ते योग्यच आहे. १८९८ साली राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अस्सल कागदाला हात लावण्यापूर्वी तो नीट वाचावा, त्याची नोंद करावी आणि त्यावर आपली शाई सांडू नये, ही शिस्त अशाच थोर परिश्रमांतून महाराष्ट्राच्या अंगी मुरली. परंतु काळ आपली अक्षरे केवळ कागदावरच उमटवितो असे नाही. लोखंड, पितळ, रबर आणि रंग यांवरही तो लिहीत असतो. हे आम्हांस एका जुन्या मोटारीने शिकविले. मात्र शिकण्यापूर्वी आमच्या हातून एक चूक घडली, आणि ती दुरुस्त होण्यासारखी नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही १९६८ सालची 'फियाट अकराशे डिलाइट' विकत घेतली. एका गृहस्थांच्या आवारात पत्र्याच्या छपराखाली ती कित्येक वर्षे उभी होती. रंग फिकट निळा, चाके जमिनीत रुतलेली, आसनांतून काथ्या बाहेर आलेला. सोबत मिळालेले आर. सी. बुक मूळचे नव्हते, दुय्यम प्रत होती. त्यामुळे आधीच्या मालकांची हकीकत त्यात नव्हती. गाडीचे वय आणि तिच्या सांगाड्यावरचा व इंजिनावरचा क्रमांक, एवढ्या भांडवलावर आमचा परिचय सुरू झाला.

कोणत्याही माणसाची ओळख करून घ्यावयाची तर त्याचे घराणे प्रथम विचारावे. या गाडीचे घराणे इटलीतील तुरीन शहराचे, पण जन्म मुंबईतील कुर्ल्याचा. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना असावा अशी योजना १९३० नंतरच्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आखली होती. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी तीच आकांक्षा उराशी धरली. परकीय सरकारचे औदासीन्य आणि महायुद्धाची अडचण यांतून वाट काढीत १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन झाली, आणि १९४७ मध्ये कुर्ल्याहून क्रायस्लर घराण्याच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला. ज्या छोट्या गाडीने या कारखान्याचे नाव घरोघर नेले, ती 'मिलेचेन्तो', म्हणजे इटालियन भाषेत अकराशे, १९५४ साली येथे आली. वालचंदशेठ १९५३ च्या एप्रिलमध्येच निवर्तले होते. त्यांना ती पाहावयास मिळाली नाही.

त्या पहिल्या गोलमटोल गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले, आणि त्यात तुच्छतेपेक्षा लोभच अधिक होता. १९६४ साली चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली. हीच पुढे, १९७४ पासून, 'प्रीमियर पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि विसावे शतक सरेपर्यंत फारसा चेहरा न बदलता बनत राहिली.

आता हे दीर्घायुष्य या गाडीला कसे लाभले? त्याचे उत्तर केवळ यंत्राच्या गुणांत नाही, त्या काळच्या अर्थकारणात आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, जे कारखाने येथे खरोखर भाग बनवितील त्यांनाच राहू द्यावे असे धोरण ठरले. नुसती जोडणी करणाऱ्या मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी आपले बस्तान उठविले. आयात जवळजवळ बंद झाली. १९५९ साली मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी हुकूम लागू झाला. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहू लागले. अशा काळात घेतलेली गाडी कोणी टाकून देत नसे. भाग मिळाला नाही तर घडवून घ्यावयाचा, बूश झिजला तर लेथवर नवा काढावयाचा, सिलिंडर झिजले तर बोअर करून घ्यावयाचे. आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणावयाची. म्हणून त्या काळच्या मोटारीचा इतिहास अर्धा कारखान्यात घडला आणि अर्धा गल्लीबोळांतील गॅरेजांत.

हे सारे आम्ही पुस्तकांतून वाचलेले होते. तथापि वाचणे वेगळे आणि वागणे वेगळे. गाडी घरी येताच आम्हांस पहिली घाई झाली ती रंगाची! रंगाऱ्याने चार दिवसांत सारा पत्रा पॉलिश पेपरने घासून उघडा केला. डाव्या बाजूला, बॉनेटशेजारी मडगार्डवर, चार बुजविलेली भोके निघाली. ती त्याने झाळून सपाट केली. पाचव्या दिवशी डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला नखाएवढा काळा रंग आणि टपाच्या पन्हाळीत पिवळ्या रंगाची रेघ आमच्या दृष्टीस पडली, आणि एकदम उलगडा झाला. ही गाडी केव्हातरी मुंबईची टॅक्सी होती! ती भोके भाड्याच्या मीटरची होती, कारण मुंबईच्या टॅक्सीचा मीटर बाहेर, डाव्या हातालाच बसविलेला असे.

उलगडा झाला खरा, पण फार उशिरा. काळ्या रंगाखाली आणखी एखादा रंग होता काय? म्हणजे ती आधी खाजगी होती आणि मग टॅक्सी झाली, की जन्मतःच टॅक्सी होती? रंगाचे थर किती? दर काही वर्षांनी तपासणीसाठी तिला रंग लागला असेल, तर त्या थरांवरून तिच्या नोकरीची वर्षे मोजता आली असती. आर. सी. बुक मुके होते. बोलणारा साक्षीदार एकटा रंग होता, आणि त्याला आम्हीच पैसे देऊन घासून काढले होते. जुनी पोथी धुऊन स्वच्छ करणाऱ्या अडाण्याला आपण हसतो. त्या दिवशी आम्हांस हसू आले नाही.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. कोणताही भाग सोडविण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, त्यावरील खुणा, आणि काढलेला भाग पिशवीत बांधून चिठ्ठीसह पेटीत, असा नियम केला. या वहीने आमची गाडीशी खरी ओळख करून दिली. इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, चारांचे मिळून १०८९ घन सेंटिमीटर. हे माप फियाटच्या १९३७ सालच्या गाडीपासून चालत आलेले. म्हणजे आमच्या १९६८ च्या गाडीचे हृदय युद्धापूर्वीचे होते. गिअरचा दांडा स्टीअरिंगला. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याखेरीज घालू नये, नाहीतर दाते करकरतात. सकाळी चोक ओढावा, पण इंजिन तापताच सोडावा. प्लगचे आणि पॉइंटचे अंतर पट्टीने मोजावे, अंदाजाने नव्हे. पुढच्या चाकांच्या सांध्यांना वेळच्या वेळी ग्रीस द्यावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते; ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या बदलाव्यात. अशी ही बारीकसारीक शहाणपणे; पण गाडी जुनी असली म्हणजे शहाणपण बारीकच असते.

गिअरच्या जोडणीत एक गनमेटलचा बूश निघाला. कारखान्याचा नव्हता, कोणीतरी हाताने लेथवर काढलेला होता. आमच्या एका जाणकार स्नेह्यांनी तो फेकून मूळ नमुन्याचा घालावा असे बजावले. आमचे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. त्यांनी तो बूश अंगठ्यावर फिरवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हा कारखान्याचा नाही. पण ज्याने काढला, त्याला काम येत होते."

या एका वाक्यात साऱ्या वादाचा निकाल आहे असे आम्हांस वाटते. जुन्या वाहनांची काळजी घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, जी १९६६ साली स्थापन झाली, २०१२ मध्ये एक सनद संमत केली. तिला तुरीनचेच नाव आहे, हा योगायोग गोड वाटतो. वाहनावर काळाने केलेले बदल हाही त्याच्या इतिहासाचा भाग आहे, आणि हस्तक्षेप शक्य तितका कमी व नोंदीसह करावा, असा तिचा आशय आहे. कारखान्यातून निघाली तो एकच दिवस खरा आणि पुढची सारी वर्षे खोटी, असे मानणे म्हणजे शनिवारवाड्याचा पाया घातला त्या दिवशीच पेशवाईचा इतिहास संपला असे म्हणण्यासारखे आहे. बूश आम्ही परत बसविला.

मात्र या तत्त्वाला एक मर्यादा आहे. या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. त्यांचे व्हील सिलिंडर गळत होते, रबरी नळ्यांना भेगा पडल्या होत्या. तेथे आम्ही इतिहासाची भीड धरली नाही. सारे नवे घातले. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत त्यासाठी अनेक हेलपाटे पडले. जे बोलते ते जपावे. ज्यावर रस्त्यावरच्या माणसाचा जीव अवलंबून आहे, ते बदलावे. जुने भाग पेटीत आहेतच.

२०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. हे चांगले झाले. परंतु ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली, कारण शेवटच्या गाडीची वीस वर्षांची मुदत भरली. टॅक्सी गेली तसे तिच्यावर पोट असणारे मिस्त्रीही पांगले. गाडी संग्रहालयात उभी करता येते. कान लावून टॅपेटचा आवाज ओळखणारा माणूस उभा करता येत नाही. त्याचे दफ्तर त्याच्या हातांत आहे, आणि ते हात थकत चालले आहेत.

म्हणून आता आमच्या वहीत गाडीबरोबर मिस्त्रींचे बोलणेही उतरवून घेणे चालू आहे. ज्या श्रोत्यांच्या दारात अशी एखादी गाडी छपराखाली उभी असेल, त्यांना आमची एवढीच विनंती आहे: रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी वही घ्या. आमच्या गाडीला आज सुंदर काळाभोर रंग आहे, टप पिवळा आहे. पाहणारे कौतुक करतात. त्या रंगाखाली काय होते, हे आम्हांस सांगता येत नाही.