एका तुटक्या तारेची गोष्ट

लेहला असताना जॅकेटच्या अस्तरात मी स्वतःच तापणारी तार शिवली. बुलेटची 12 व्होल्टची बॅटरी, मध्ये फ्यूज. हातमोजेही त्याच तारेवर, एकसरीत जोडलेले. खारदुंग ला चढताना क्लचच्या बोटापाशी तार तुटली आणि छातीसकट सगळंच गार पडलं. दोन बोटं आठवडाभर बधिर होती.

पुढे वाचनात आलं : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बॉम्बर विमानांतल्या सैनिकांचा 24 व्होल्टचा निळा एफ-1 सूट असाच जोडलेला होता. उणे 40 अंशांत एक तार तुटली की अख्खा सूट थंड! नंतरच्या एफ-2 मध्ये समांतर जोडणी आली. दहावीच्या विज्ञानातला धडा, एनडीएतही गिरवलेला. त्याच रात्री सगळे टाके उसवले.