शील काठीने शिकवता येत नाही

मागच्या वर्षावासात आमच्या विहाराच्या मागे चार पोरं सापडली. रुमालावर व्हाइटनर ओतून हुंगत होती. सगळ्यात लहान तेरा वर्षांचा. समितीतल्या एका काकांनी काठी उगारली, पोरं पळाली. रविवारी वंदनेनंतर बैठक झाली. काही म्हणाले, पोलिसांत द्या. काही म्हणाले, त्यांच्या आईबापांना समाजापुढे उभं करा. दोघांचा दाखला एकच होता : बावीस प्रतिज्ञांमधली सतरावी, दारू न पिण्याची.

दाखला बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र आपल्या चळवळीच्या इतिहासाशी जुळत नाही. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, नशा आपल्या वस्त्यांमध्ये कुणाच्या संस्कारांमुळे आली नाही. ती धंदा म्हणून आली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. त्यावर कंपनी सरकारचा खजिना भरला आणि मुंबईतले बडे व्यापारी गब्बर झाले. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने दारूवरची सरकारी पकड घट्ट केली. दारू हे महसुलाचं साधन होतं. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, 1880 मध्ये, त्यांनी शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. लक्षात घ्या, तात्यासाहेबांनी जाब विचारला तो दुकानांना परवानगी देणाऱ्या व्यवस्थेला.

1920 च्या दशकात मुंबईतल्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची गोळी देऊन निजवायच्या. दहा-अकरा तासांची पाळी, पाळणाघर नाही, घरात दुसरं माणूस नाही. अफू मिळायची सरकारमान्य दुकानात. त्या आयांना आपण व्यसनी म्हणणार का? की त्यांच्यावर ती वेळ आणणाऱ्यांना विचारणार?

आता बाबासाहेबांकडे येऊ. 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली, 1949 मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला. पुढे 1951 मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने जाहीरनामा काढला. त्यात ही सक्तीची दारूबंदी उठवा, अशी मागणी आहे. कारणं रोखठोक आहेत. सरकारचं उत्पन्न बुडतं, आणि दारू गाळणं हा घरगुती उद्योग होतो. पूर्वी पुरुष प्यायचे. आता घरातच गाळली जाते म्हणून बायका आणि पोरंही पिऊ लागली, असं तो जाहीरनामा सांगतो. मुलांवर काय परिणाम होतो, हा विचार तिथे आहे.

आणि पाचच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, नागपुरात तेच बाबासाहेब लाखो लोकांना दारू न पिण्याची प्रतिज्ञा देतात. हा विरोधाभास आहे का? अजिबात नाही. पंचशीलातलं पाचवं शील आठवा. सुरा, मेरय, मद्य यांच्यापासून दूर राहण्याचं कारण तिथेच सांगितलं आहे : प्रमाद, म्हणजे बेसावधपणा. आणि शेवटचा शब्द आहे ‘समादियामि’, मी स्वीकारतो. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचा नियम. तो माणूस स्वतः घेतो, चुकला तर पुन्हा घेतो. म्हणून तर आपण दर वंदनेला पंचशील नव्याने म्हणतो. एकदाच म्हणून भागलं असतं, तर रोज कशाला म्हटलं असतं?

पुढचा इतिहास आपल्या आईबापांनी पाहिलेला आहे. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली. 1985 मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस, झाला. 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. एका वर्षाच्या अंतराने दोन वाटा उघडल्या, तुरुंगाची आणि उपचाराची. आपल्या वस्त्यांना पहिली वाट पाठ आहे, दुसरी ठाऊकच नाही.

खरं तर दुसरी वाट खुद्द कायद्यातही आहे. एनडीपीएसचं कलम 64अ सांगतं : सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. 2015 चा बाल न्याय कायदा नशेच्या जाळ्यात ओढलं जाण्याचा धोका असलेल्या मुलाला ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ मानतो. त्याची जागा बालकल्याण समितीसमोर आहे, कोठडीत नाही.

‘मग विकणाऱ्यांना मोकळं सोडायचं?’ असं बैठकीत मला विचारलं गेलं. मुळीच नाही. त्याच कायद्याचं कलम 77 मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला आणि कलम 78 मुलाकडून माल विकवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. तक्रार करायचीच असेल, तर ती इथे करा. पण टपरीवाल्याला जय भीम घालायचा आणि पोराला काठी दाखवायची, हे चालणार नाही.

काठीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. व्हाइटनर किंवा पंक्चरचं सोल्यूशन हुंगलेल्या मुलाच्या मागे धावू नका, त्याला दचकवू नका. त्या अवस्थेत हृदय अचानक बंद पडून मुलं दगावतात. 2019 च्या सरकारी सर्वेक्षणात हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला, की ज्यात मुलांचं प्रमाण (1.17 टक्के) मोठ्यांपेक्षा (0.58 टक्के) जास्त आहे. ही खास पोरांची नशा आहे.

मग करायचं काय? मूल शुद्धीवर असताना, एकट्याने, शांतपणे बोला. ‘का घेतोस’च्या आधी ‘झोप लागते का, जेवतोस का’ विचारा. 14446 या मोफत क्रमांकावर व्यसनमुक्तीची माहिती मिळते, मुलांच्या मदतीसाठी 1098 आहे. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा, सोबत थांबा. कोंडून ठेवणारं, मारहाण करणारं केंद्र उपचार देत नाही; तिथून मुलाला बाहेर काढा. आणि पोरगं पुन्हा घसरलं तर आभाळ कोसळलं असं समजू नका. घसरणं हा या आजाराचा भाग आहे.

आमच्या बैठकीत शेवटी ठरलं ते असं : नावं जाहीर करायची नाहीत, विहारातली अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवायची, आणि प्रत्येक मुलामागे एका कार्यकर्त्याने उभं राहायचं. तो तेरा वर्षांचा मुलगा त्यानंतर दोनदा घसरला. दोन्ही वेळा त्याला रुग्णालयात परत घेऊन गेले ते काठी उगारणारे काकाच. आता दर रविवारी तो त्यांच्या शेजारी बसतो आणि पंचशील म्हणतो. पाचव्या शीलापाशी त्याचा आवाज बारीक होतो. काका त्याच्याकडे बघत नाहीत, फक्त स्वतःचा आवाज थोडा वाढवतात.

जय भीम.