चिकन-दलिया पॅटिस घरी कसे बनवावेत?

बाहेरच्या पॅटिसमध्ये मैदा, मीठ आणि तेल किती आहे, हे आपल्याला कळत नाही. घरी दलिया (लापशी रवा) वापरला तर गव्हाच्या कोंड्यातील तंतू पोटात जातात आणि खिमाही पुरवून वापरता येतो.

साहित्य (10 ते 12 पॅटिस)
• चिकन खिमा 500 ग्रॅम
• दलिया अर्धी वाटी
• कांदा 1, गाजर 1
• आलं-लसूण पेस्ट, मिरची, कोथिंबीर, गरम मसाला, मीठ

कृती
1. दलिया मऊ शिजवून पाणी आटवा आणि पूर्ण थंड करा.
2. किसलेले कांदा-गाजर घट्ट पिळा. पाणी राहिले तर पॅटिस तव्यावर फुटतात.
3. सगळे एकत्र मळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा.
4. अर्धा इंच जाडीचे पॅटिस थापून मध्यम आचेवर, थोड्या तेलात, दोन्ही बाजूंनी 5-6 मिनिटे भाजा.

हे नक्की लक्षात ठेवा
अख्ख्या तुकड्यावर जंतू मुख्यतः वरच्या भागावर असतात. खिमा करताना ते आतपर्यंत मिसळतात. त्यामुळे बाहेरून खरपूस दिसले म्हणजे शिजले असे नाही. मधोमध तापमान 74 अंश सेल्सिअस व्हायला हवे. थर्मामीटर नसेल तर एक पॅटिस मोडून पाहा. आत गुलाबी किंवा चिकट असेल तर झाकण ठेवून आणखी शिजवा. मीठ-मसाल्याचा अंदाज घ्यायला कच्चे मिश्रण चाखू नका, छोटा तुकडा भाजून पाहा.

कच्चा खिमा फ्रीजमध्ये 1-2 दिवस, शिजलेले पॅटिस 3-4 दिवस टिकतात.

गहू चालत नसेल तर दलियाऐवजी शिजवलेली भगर घाला.